पाटीवरचे बारा इंच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे व्यवस्थापक आदरणीय फादर युजीन, कामं बाजूला ठेवून आलेले प्रमुख पाहुणे शत्रुघ्नभाऊ म्हात्रे, मुख्याध्यापिका सिस्टर रिटा, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आज निवृत्त होणाऱ्या आपल्या क्लाराबाई, सर्व शिक्षक, वटारहून आणि राजोडीहून आलेली गावची माणसं, मायबहिणी आणि मुलांनो, तुम्हां सर्वांना व्हिन्सेंट तुस्कानोचा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सिस्टरांनी घड्याळ दाखवूनच वर पाठवलंय. पण फादर, माझी हात जोडून विनंती आहे, आज थोडा जास्त वेळ द्या. मधेच बसवलंत तर अर्धंच सांगून होईल, आणि अर्धं सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट. आणि तो पंखा कोणीतरी जरा कमी करा, कागद हातात राहत नाहीये. हां. उपकार झाले.

माझं शिक्षण चौथी. शाळेच्या व्यासपीठावर उभं राहून बोलायची माझी लायकी नाही, हे मी सिस्टरांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, दुर्बिणीचा आरसा तुम्ही घासला. तुम्ही नाही बोलायचं तर कोणी?" ही माझ्या डाव्या हाताला पांढऱ्या चादरीखाली उभी आहे ती तीच दुर्बीण. माझं झालं की शत्रुघ्नभाऊंच्या हस्ते चादर निघेल आणि खाली लावलेली पितळी पाटी सगळ्यांना दिसेल. काल दुपारी मी ती पाटी पाहिली. तिच्यावर कोरलंय : 'क्लारा घोन्साल्विस दुर्बीण. बारा इंची आरसा. आरसा घडवणारे : व्हिन्सेंट तुस्कानो, वटार.' त्या पाटीवर एक गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे आज सकाळपर्यंत या मंडपातल्या फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. म्हणून मला चादर निघायच्या आधी बोलायचंय.

शत्रुघ्नभाऊ, तुम्ही असे दचकू नका. तुमचा यात काही दोष नाही. म्हणजे थोडासा आहे, तो पुढे येईल.

बाईंची आणि माझी ओळख कशी झाली ते आधी सांगतो, नाहीतर नव्या लोकांना कळायचं नाही. मी गिरगावात एका चष्म्याच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काचा घासल्या. निवृत्त होऊन वटारला परत आलो आणि केळीला पाणी लावायला लागलो. चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्याअखेर बाई माझ्या अंगणात आल्या. मागे हातगाडी, गाडीवर गोणपाटात बांधलेल्या दोन जाडजूड गोल काचा. मुंबईला दारूखान्यात जुन्या बोटी फोडतात, तिथून बोटीच्या खिडक्यांच्या काचा भंगाराच्या भावात उचलून आणल्या होत्या. प्रत्येक बारा इंच रुंद, इंचभर जाड.

मी म्हटलं, "बाई, एवढ्या मोठ्या डोळ्यांचा माणूस मी अजून पाहिला नाही. चष्मा कोणासाठी?"

बाई म्हणाल्या, "शाळेसाठी. काका, परदेशातून एवढी दुर्बीण आणायची तर शाळेची इमारत विकावी लागेल. आपण आरसा घरी घासायचा. दीड वर्षात हॅलेचा धूमकेतू येतोय. तो पुन्हा यायला शहात्तर वर्षं लागतात. माझ्या मुलांनी तो बघायचा."

मी विचारलं, "लहान आरसा चालणार नाही? चार इंची घासला की सुटलो."

"लहान आरशाने चंद्र दिसेल काका. अंधुक वस्तू दिसायला उजेड गोळा करावा लागतो. पावसाचं पाणी वाटीत धरलं तर किती आणि परातीत धरलं तर किती?"

हे मला पटलं. चौथी शिकलेल्याला परात कळते.

काम ऐकायला सोपं आहे. एक काच खाली पिंपावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, मधे पाणी आणि एमरीची, म्हणजे पॉलिश पेपरवर असते तसली, खरखरीत पूड, आणि पिंपाभोवती फिरत फिरत पुढे-मागे घासायचं. वरची काच हळूहळू परातीसारखी खोल होते, खालची फुगते. पूड बारीक बारीक करत जायचं. मी रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास फिरायचो. मटिल्डा, म्हणजे माझी बायको, शेजारणीला सांगायची, "आमच्या घरी घाण्याला बैल जुंपलाय, पण तेलाचा एक थेंब नाही." शेवटी चकाकी आणायला सोनार वापरतात ती लाल भुकटी. हात लाल, सदरा लाल, दाराची कडी लाल. मटिल्डा मला भाकरीला हात लावू द्यायची नाही, पुढ्यात वाढून लांब उभी राहायची.

पण खरं अवघड पुढेच होतं. चष्म्याची काच थोडी इकडेतिकडे झाली तर माणूस मान वाकडी करून निभावून नेतो. दुर्बिणीच्या आरशाचं तसं नाही. बाईंनी मला समजावलं : माणसाचा केस घ्या, त्याचे हजार पापुद्रे करा, त्यातल्या एका पापुद्र्याएवढी जरी चूक आरशात राहिली तरी तारा टाचणीच्या टोकासारखा न दिसता कुस्करल्यासारखा दिसतो. मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. पण ती चूक बघायची युक्तीही त्यांनीच शिकवली. आरसा उभा ठेवायचा. बारा फुटांवर दिवा, त्यावर सुईने भोक पाडलेला डबा. त्या भोकाचा उजेड आरशावरून परत येतो, त्याच्या वाटेत दाढीचं ब्लेड सरकवत न्यायचं आणि मागून बघायचं. आरशावर सावल्या पडतात, आणि केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटा डोंगरासारखा दिसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा छातीवर क्रूस केला. अठ्ठावीस वर्षं काचेत घालवली, आणि काच आतून अशी असते हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

आता चूक सांगतो.

चकाकी आणताना खालच्या काचेवर राळेचा थर द्यावा लागतो. राळ फार कडक असली तर चरे पडतात, म्हणून ती थोडी मऊ करायची. बाईंच्या पुस्तकात लिहिलं होतं, मधमाशीचं मेण घाला. मधमाशीचं मेण मी कुठून आणू? माझ्या डोक्यात आलं, चर्चमधल्या वेदीवरच्या मेणबत्त्या मधमाशीच्या मेणाच्या असतात. लहानपणी आम्हाला तसंच शिकवलंय. तेव्हा नुकताच ईस्टर झाला होता. चर्चची देखभाल बघणाऱ्या आग्नेलकडे गेलो. तो म्हणाला, "किती पाहिजेत? उरलेली थोटकं ढीगभर आहेत. आशीर्वाद दिलेली आहेत पण, जपून वापर." मी म्हटलं, मग तर बरंच. आशीर्वादाचं मेण पडल्यावर काच बिघडेल कशी?

फादर, यात चर्चचा काही दोष नाही, मी आधीच सांगतो. माझ्या लहानपणी ती खरीच मधमाशीची असायची. आता मेणबत्त्या बाजारातून येतात, त्यात किती मधमाशी आणि किती रॉकेलच्या जातीचं मेण, हे देवाला आणि दुकानदाराला ठाऊक. त्या मेणाने माझी राळ लोण्यासारखी झाली. वर एप्रिल-मेचा उकाडा, मी घासायचो ती केळीतली खोपटी, वारा नाही. मऊ राळेत आरसा कडेला रुतला आणि कड जास्त घासली गेली. मधला भाग बाई सांगायच्या तसा सुरेख, आणि शेवटचा पाऊण इंच चौफेर खाली कललेला, बशीच्या कडेसारखा. आरशाची कड पडली.

मला ते ब्लेडच्या मागून स्वच्छ दिसलं. त्या दिवशी मे महिन्याची अठ्ठावीस तारीख होती. आणि एक जूनला आरसा मुंबईला न्यायचा होता. वरचा चांदीसारखा मुलामा घरी देता येत नाही. बाईंनी कोणाकोणाच्या ओळखी काढून एका प्रयोगशाळेत एक दिवस मागून घेतला होता. तो दिवस चुकला तर पुढचा सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांनी धूमकेतू डोक्यावर आलेला असणार. कड सुधारायची म्हणजे राळ नवी, घासणं नवं, दोन महिने सहज.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. बाईंना म्हणायला हवं होतं की बाई, माझ्या हातून बिघडलंय. एवढंच. मी काय केलं? आरसा उभा ठेवायला फ्रान्सिसने, आपल्या वटारच्या सुताराने, एक लाकडी चौकट केली होती. मी त्याच्याकडून दुसरी करून घेतली, अंगठ्याएवढी पट्टी आत आलेली. त्याला सांगितलं, आरसा पडू नये म्हणून. ती पट्टी बरोबर पडलेल्या कडेवर बसली. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, ब्लेड सरकवलं, बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "काका, हा आरसा आहे की दुधावरची साय! मला तर एक डाग दिसत नाही." मी म्हटलं, "झालाय बाई."

झालाय बाई. दोनच शब्द.

कोणी पाणी देईल का? नको, राहू दे, सांडेल.

पुढचं तुम्हांला माहीतच आहे, कारण अर्धा मंडप त्या संध्याकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर होता. शहाऐंशीचा जानेवारी, दुसरा रविवार. सूर्य बुडाला आणि बाईंनी दुर्बीण पश्चिमेकडे वळवली. रांग सुरूच्या झाडांपर्यंत गेली होती. लोकांनी वर्तमानपत्रांत शेपटीची चित्रं पाहिलेली. आणि आत दिसलं काय? पुतळाबाई पहिल्या होत्या, आल्यात का आज? त्या बसल्यात बघा. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगो बाय, एवरा मोटा पिंप आनला, आन् आत काय, तर कापसाचा बोला! त्यो तर माज्या कानात पन हाय!"

हसा, हसा. तेव्हाही सगळे हसले. शत्रुघ्नभाऊ, तुम्ही म्हणालात, "बाई, काच पुसलीत का?" आणि मग तर हसायला सुमार राहिला नाही. तुमचा दोष तो एवढाच.

धूमकेतू त्या वेळी मुळातच मंद होता, हे खरं आहे. पण तिथेच शेजारी गुरू होता. बाईंनी लोकांची समजूत घालायला दुर्बीण गुरूवर लावली. त्याचे पट्टे दिसायला हवे होते. दिसला तो दुधात बुडवलेल्या बत्ताशासारखा, भोवती नुसता धूर. मी डोळा लावला आणि मला एका क्षणात कळलं, हा माझ्या कडेचा धूर आहे. मधला आरसा चोख काम करतोय आणि कड त्याच्यावर उजेड सांडतेय.

बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. समुद्रावरची हवा दमट असते, मी जागा चुकीची निवडली."

मी दहा पावलांवर उभा होतो. मी त्यांना ते म्हणू दिलं.

त्यानंतर बाजारात बाईंना काय नाव पडलं ते इथल्या मोठ्यांना आठवत असेल. 'कापूसबाई.' तेहतीस वर्षं तुमच्या लेकरांना गणित-विज्ञान शिकवलं, आणि नाव पडलं कापूसबाई. मासळीच्या पाटीपाशी, रेशनच्या रांगेत. मी ऐकायचो आणि रस्ता बदलायचो.

मग त्याच वर्षी मे महिन्यात बाईंनी शाळेच्या मैदानावर शनी दाखवला. आणि शनी असा दिसला, असा, की कड्याच्या मधली काळी फट मोजून घ्यावी! शत्रुघ्नभाऊ, तुम्ही माझी पाठ थोपटलीत. म्हणालात, "तुस्कानो, हात आहेत की यंत्र?" मी चक्रावलो. आरसा तोच, घासणारा तोच. मग मी मनाशी ठरवून टाकलं की काच लोणच्यासारखी मुरत असेल. वर्षभर ठेवली की आपोआप सुधारत असेल. माणसाला सुटायचं असलं की तो कशावरही विश्वास ठेवतो. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात तुम्ही मला शाल आणि नारळ दिलात. मी घेतला.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. सिस्टरांनी निरोप पाठवला, समारंभ आहे, आरसा साफ करून द्या. मी फ्रान्सिसला घेऊन आलो. मुंबईहून आल्यावर आरसा नळीत बसवला तो बाईंनी, मी तळाची फळी त्यानंतर पहिल्यांदाच उघडली. आणि आरशावर, बरोबर कडेवर, काळ्या जाड कागदाचं कडं बसवलेलं. पाऊण इंच रुंद. नळीतून वरून पाहिलं तर काळ्यात काळं, कोणाला दिसायचं नाही. मी ते अलगद काढलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने बाईंचं अक्षर. 'कड वगळता उत्तम.' खाली तारीख, १९ जानेवारी १९८६.

राजोडीच्या त्या रविवारनंतर बरोबर सात दिवसांनी.

म्हणजे बाईंना आठवड्यात कळलं होतं. कशाचा धूर, कुठून येतो, कोणी लपवला, सगळं. त्यांनी पडलेली कड झाकून टाकली आणि उरलेल्या साडेदहा इंचांवर शनी दाखवला. लोक त्यांना कापूसबाई म्हणत राहिले आणि त्या मला 'काका, हात जपा' म्हणत राहिल्या. मी शाल घेतली तेव्हा त्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. बाई, अहो, मला एकदा रागवायचं तरी होतंत! वर्गातल्या पोराला तुम्ही गृहपाठ चोरला म्हणून बाहेर उभं करता, मी तर आख्खी कड चोरली.

आज सकाळी मटिल्डाला सांगितलं, मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. ती म्हणाली, "शाल पांघरली, नारळ खाल्ला, आणि आता तोंड उघडताय?" मी म्हटलं, "पाटी लावतायत गं. पितळेची. ती माझ्यामागे शंभर वर्षं राहील." मग हीच साडी नेसून बरोबर आली. बसलीये तिथे, खाली बघतेय.

तेव्हा फादर, माझं मागणं असं आहे. आज पाटीचं अनावरण करू नका. आरसा मला परत द्या. आता जून लागतोय, चार महिने आभाळ ढगांचं, दुर्बीण तशीही कपाटात जाणार. पावसात हवा थंड असते, राळ ताठ राहते. मेण या वेळी मी माणिकपूरच्या एका मध काढणाऱ्याकडून स्वतः आणलंय, पोळ्यातून निघताना पाहून. मुलामा काढायचा, कड वर आणायची, पुन्हा मुलामा द्यायचा...

काय म्हणता बाई? मोठ्याने बोला. मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. बाई म्हणतायत, "काका, राहू द्या. साडेदहा इंच पुष्कळ आहेत."

पुष्कळ आहेत बाई. पण पाटीवर बारा लिहिलेत. आणि वर तुमचं नाव आहे.

बाई म्हणतायत, "मग पाटी बदला. साडेदहा लिहा."

लिहिता येईल. मीही रात्रभर तोच विचार केला, खोटं बोलत नाही. पण बाई, तुम्ही परात आणली होती. लोक परात समजून येतील आणि आपण त्यांना कड कापलेली परात देणार, आणि तीही का, तर एका म्हाताऱ्याला लाज वाटू नये म्हणून?

आता फादर बोलतायत. फादर विचारतायत, "तुमच्या डोळ्यांचं काय? आणि आहे तेही बिघडलं तर?"

फादर, हाच प्रश्न मला चार दिवस झोपू देत नाहीये. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. डाव्याने ब्लेडची सावली अजून दिसते, काल रात्रीच बघून घेतलं. हात कापतात, ते तुम्हांला कागदावरूनच दिसतंय. पण घासायला लागलो की कापत नाहीत, का ते मला माहीत नाही. बिघडू शकतं. कड सुधारता सुधारता मधला भाग जाऊ शकतो, आणि मग साडेदहाही उरणार नाहीत. मी नाही म्हणणार नाही. या वेळी जे असेल ते जसंच्या तसं सांगेन, एवढं वचन मी देऊ शकतो. त्याच्यापुढचं माझ्या हातात नाही.

बाई उभ्या राहिल्या. बसा हो बाई, आज तुमचा सत्कार आहे, तुम्ही कशाला... बरं, बोला. ऐका सगळे. बाई म्हणतायत, "फादर, आरसा काकांना द्या. परवा मी नाशिकला बहिणीकडे राहायला जाणार. ऑक्टोबरात मी परत येईन आणि स्वतः तपासेन. नापास केला तर नापास म्हणेन, यांचं वय बघणार नाही."

बघू नका बाई. देवाशप्पथ, बघू नका.

फादरांनी मान हलवली. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत ना? शत्रुघ्नभाऊ, तुमचा वेळ वाया गेला, तुम्ही ऑक्टोबरात पुन्हा यायचं आणि काच पुसली का ते विचारायचं. सिस्टर, पाच मिनिटांची वीस झाली, मी बघतोय तुमच्या घड्याळाकडे.

बाईंच्या निरोपाचं भाषण मी करायला उभा राहिलो आणि बाईंविषयी चांगले चार शब्द काही नीट झाले नाहीत. तेहतीस वर्षांची सेवा, शिस्त, माया, ते सगळं इतर वक्त्यांनी माझ्यापेक्षा छान सांगितलंय, त्याला माझं अनुमोदन आहे. मला एवढंच ठाऊक आहे की माझी चूक या बाईंनी स्वतःच्या नावावर घेतली आणि बाजारातून मान ताठ ठेवून गेल्या. त्यांना नाशिकला चांगली तब्येत लाभो, बहिणीचा सहवास लाभो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, तुम्ही उन्हातान्हाचे आलात आणि बसून राहिलात, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात कोणाचा मान राहिला नसेल, कुठे शब्द कमीजास्त पडला असेल, तर या अडाणी म्हाताऱ्याचं ते सगळं पोटात घाला. आरशाचं मात्र कोणी पोटात घालू नका. बाईंनी सव्वा वर्ष घातलं, तेवढं फार झालं.

फ्रान्सिस, पेचकस घेऊन वर ये. चादर तशीच राहू दे, फळी मागून उघडते.